सहा स्क्रू

ऑरेगनमधल्या कोर्व्हॅलिस गावी, बिनखिडकीच्या खोलीत
नॉर्म गुस्ताफसनने टेबलावर सहा स्क्रू मांडले
सोंगट्यांसारखे,
आणि विचारलं, शुभदा, यातले किती जगवायचे?

एक स्क्रू म्हणजे दीड सेंट.
शिवाय तो पिळायला कुणाचा तरी हात, चार सेकंद,
आणि वर्षाला तीस लाख प्रिंटर.
मी हिशेब केला नाही. आकडा आधीच फळ्यावर होता.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन उरले.
चहानंतर एकही नाही.
झाकणाला मी प्लॅस्टिकची जीभ दिली,
खाचेत बसली की टक् म्हणणारी.
तो टक् मला तेव्हा फार आवडला.

मग सुटलोच आम्ही.
दोन मोटरींचं काम एकीवर टाकलं:
सुलटी फिरलीस की कागद ओढ, उलटी फिरलीस की शाईचं तोंड पूस.
आई एकाच कुकरात भात, वरण आणि वर बटाटे लावायची,
तसं. बैठकीत हे सांगितलं नाही.
भिंती पातळ केल्या, आतून बरगड्या दिल्या.
पडदा काढून एक दिवा ठेवला:
एकदा लुकलुकला तर कागद संपला,
तीनदा लुकलुकला तर देव जाणे.
विचार करायचं काम कॉम्प्युटरकडे ढकललं,
त्याला कुठे पगार द्यायचा होता आम्हांला!
शाई अर्धीच भरायची, हे मात्र माझं नव्हे.
ते वरच्या मजल्यावर ठरलं.

एकोणचाळीस डॉलरला बाजारात आला, तेव्हा केक कापला.
केकवर त्याचं चित्र होतं,
बेकरीवाल्याने साखरेचे चार स्क्रू काढले होते. चुकून.

काल जुन्या वस्तूंच्या दुकानात
तोच दिसला, टोस्टर आणि बुटांच्या मध्ये, तीन डॉलरला.
उचलला. केवढा हलका!
हलकेपणा सगळा माझा.

घरी लावला तर कागद अडकतो.
आतलं रबरी चाक गुळगुळीत झालं असणार,
दहा मिनिटांचं काम.
स्क्रूड्रायव्हर घेऊन चारी बाजूंनी फिरवला.
लावू कुठे?
आधी नखाने, मग लोण्याच्या सुरीने कड उचकली.
टक्.
या खेपेला जीभ तुटली होती.

नॉर्मचे ते सहा अजून आहेत, हिंगाच्या डबीत.
एक काढला, झाकणाच्या कोपऱ्यावर धरला.
वास येत होता थोडा.
पण त्याला शिरायला भोकच नाही,
आत धरायला उंचवटाही नाही.
तोही मीच काढला होता,
पाव सेंट वाचतो म्हणून.