बिब्बा घातलेली बिस्किटं

दिवाळीच्या आठ दिवस आधी मुनाफभाईच्या भट्टीसमोर
बायांची रांग लागते. डब्यांची लागते खरं तर,
बाया सावलीत बसतात.
डब्यात मैदा, पिठीसाखर, डालडा,
झाकणावर टोच्यानं कोरलेलं सासऱ्याचं नाव.

आमच्या डब्यात यंदा कोकोची पुडी होती,
अकोल्याहून आणलेली, मेसच्या पैशातून वाचवून.
मोबाईलमधली बाई म्हणत होती
चॉकलेट, कॅरमल, आणि पेकन नावाचं काहीतरी,
अक्रोडाचा लांबट तोंडाचा आतेभाऊ असावा तसं.
मायनं मोबाईल हातभर लांब धरून पाह्यला.
"हे तं आपली गोडंबीच हाय व,
खात्यापित्या घरची."

माय बिब्बे फोडते.
हाताला तेल, तेलावर राख,
दगडावर बिब्बा उभा, वरून एक ठोका.
नेमका बसला तर गोडंबी अख्खी निघते,
चुकला तर चीक उडतो
आणि दोन दिवसांनी उततो:
मनगटावर, गालावर, एकदा पापणीवर.
अख्खी गोडंबी व्यापाऱ्याची.
फुटकीही त्याचीच, कमी भावानं.
चुरा आमचा.

तरी तिनं तुरीच्या डाळीमागून बरणी काढली,
त्यात अख्ख्याच्या अख्ख्या, मूठभर.
कधीपासूनच्या, विचारलं.
"पीठ मळ," म्हणाली.

भट्टीवर ट्रेमध्ये काळे गोळे मांडले.
प्रत्येकात खळगा पाहिजे, मागून कॅरमल भरायला.
मोबाईलमधली बाई चमच्याची मूठ दाबत होती.
मायनं अंगठा दाबला.
हाच अंगठा ती दर महिन्याला
रेशनच्या मशीनवर ठेवते, उचलते,
पदराला घासते, फुंकर मारते, पुन्हा ठेवते,
आणि मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
रेषाच नाहीत त्यावर.
खळगे मात्र कसे गुळगुळीत उमटले,
एकशे बारा.

मुनाफभाई वाकून पाहत होता.
"जळेल का काळं आहे, हे कळाचं कसं मले?
आन् हे खड्डे कायले? काय घालाचं हाय?"
"बिब्बा," माय म्हणाली.
सावलीतली अख्खी रांग हसली.
लोकांच्या सोयरिकीत, सौद्यात कोणी बिब्बा घातला
की सगळं फिसकटतं.
आमच्याकडं त्यावर माझी फी भरली जाते.
हे मी तिथं बोलले नाही. मीही हसत होते.

रात्री कढईत नुसती साखर टाकली, पाणी नाही,
तशी माय उठून उभी राहिली.
"साखर जाळून राह्यली का?"
जाळायचीच आहे, म्हटलं, पण जळू द्यायची नाही.
पहिली कढई कोळसा झाली.
शेवंताकाकू कुडावरून विचारून गेली, काय लागलं बुडाला.
दुसरी मायनं हातात घेतली. रंग पाहिलाच नाही तिनं,
नाक पुढं करून उभी, आणि एकाएकी म्हणाली, "आता."
साय ओतली तर सगळं फसफसून उतू आलं,
मी मागं सरले, ती सरली नाही.
उतणाऱ्याला ती भीत नाही.
कढईत सोनेरी, दाट, जरासं कडू.
प्रत्येक खळग्यात चमचाभर,
चमच्यावर एक गोडंबी.
शेवटच्या सव्वीसांना गोडंबी पुरली नाही,
त्यांच्यावर चुरा.

पाडव्याला रेशनवाले उकंडराव आले.
ताटलीतलं एक उचललं, खाल्लं,
दुसरं उचलून उजेडात धरलं,
कॅरमलभोवतीची कड बोटानं चाचपली.
"सारे एकसारखे कसे काय? साचा कुठून आणला, वहिनी?"

"घरचाच हाय," माय म्हणाली,
आणि चहा गाळायला आत गेली.