डावा हात खाली

उंब्रजवरून परतताना, चौदाशे फुटांवर,
इंजिन गेलं.
धूर नाही, धक्का नाही.
स्वयंपाकघरातला फ्रीज मध्येच थांबावा
आणि मग कळावं
की इतका वेळ तो चालू होता,
तसं.

डावा हात खाली. विचार त्यानंतर.

हणबर सरांनी कराडच्या धावपट्टीवर
चार महिने एवढंच घोटून घेतलं होतं:
"पडणारा माणूस वर ओढतो, हाताला येईल ते.
तू दांडा खाली सोडायचा.
मोकळं पड. ओढलंस तर पाती दमतात,
आणि दमली की आपण धोंडा."
खिशात त्यांच्या पाटणच्या जंगलातली उक्षीची फळं.
हँगरच्या छपरावरून एक सोडायचे,
पाच पंखांची भिंगरी गरगरत यायची बुटांपाशी.
"हिला कुठाय इंजिन?"

उजवा पाय पुढे, शेपूट सरळ.
वेग साठ. फेऱ्यांचा काटा हिरव्यात.
आजवर ज्या वाऱ्याला आम्ही खाली ढकललं
तोच आता खालून येऊन
पाती फिरवत होता.

खाली सगळा ऊस.
हायवेवर ट्रॉल्या. मग तारा.
तारांच्या अलीकडे
एक तांबडा तुकडा, आल्याचे गादीवाफे.
तोच.

सत्तर फुटांवर नाक वर, वेग मोडला.
नाक सरळ.
थांब.
अजून थांब.
आता डावा हात वर, एकदाच:
पात्यांनी जपलेलं सगळं
एका घासात.
दुसरा घास नसतो.

ओल्या मातीत पाय रुतले.
पाती सावकाश, आणखी सावकाश,
मग एक एक मोजता येतील अशी.

शहाजी खबाले बांधावरून आले, हातात खुरपं.
"डिझेल वाचवायला बंद करून उतरता व्हय?"
मग वाफ्यांकडं बघून,
"चार गेले. ठिबकची नळी बी.
लावून पंधरा दिस झालं न्हाईत."
"भरून देऊ," मी म्हणाले.
त्यांचं लक्ष माझ्या डाव्या हाताकडं.
दांड्यावरची बोटं सुटत नव्हती.
त्यांनी ती एकेक सोडवली,
गाईच्या पायातला दोर सोडवावा तशी,
आणि पाण्याचा तांब्या दिला.

फोनवर हणबर सरांनी एवढंच विचारलं,
"फेरे?"
"हिरव्यात."
"हं."
बराच वेळ फोन ठेवला नाही त्यांनी.

मोडलेलं आलं
मीच गोळा केलं, पाटीभर.
आठवडाभर हाताचा वास गेला नाही.