फटकी

नंदुरबारच्या पथारीवर नजर जाईल तिथवर लाल.
रस्त्यावरचे लोक गाडी थांबवून फोटो काढतात,
जवळ आले की शिंकतात.

मी बसते जिन्याखालच्या खोलीत,
काळ्या पडद्याच्या आत,
पुढ्यात काचपट्टी, हातात जांभळा दिवा.
कांतीशेठच्या लॉटमधली चिमूटभर भुकटी
द्रावणातून पट्टीवर चढते, मुंगीसारखी,
आणि एका उंचीला थांबते.
दिवा लावला की तिथं निळं उजळतं.
इतकं देखणं, की पहिल्या वर्षी
मी ते वहीत निळ्या शाईनं काढून ठेवलं होतं.
आता नुसता आकडा लिहिते.

बुरशीचं हे देणं.
तळलं तरी जात नाही, कुटलं तरी नाही,
यकृतात मुक्काम टाकतं
घरजावयासारखं.

भिंतीवर एक तक्ता आहे,
माझ्या आधीच्या माणसानं चिकटवलेला.
वर हळदीतला पिवळा, लसणातला गंधक,
पालेभाजीतलं हिरवं;
खाली कारखान्यात घडवलेल्यांची नावं,
जिभेला गाठ पडेल अशी,
आणि त्यांच्यामध्ये कुठंतरी एक साधी माती,
जी म्हणे विषाला पोटातच धरून ठेवते.
पिलांना दिलं, उंदरांना दिलं,
यकृतं जरा कमी सुजली.
माणसांच्या रकान्यात
पेन्सिलीनं काढलेलं प्रश्नचिन्ह.
खोडरबर लावलेलं, पण पुरतं न गेलेलं.

झिलाबाई पडदा सारून आत डोकावते.
तिची बोटं इतकी तिखट
की डोळ्याला हात लावायचा तर
ती कोपर वापरते.
'काय दखाई ऱ्हायनं ताई?'
मी दाखवते. ती वाकून बघते,
दिवाळीचा दिवा बघावा तशी.
'मंग हाई टाकेल मिरची कोठे जास?'

मी म्हणते, जाळायची असते.
असते, हा शब्द मी जरा हळू म्हणते.
परदेशचं गिऱ्हाईक परत पाठवतं ते पोतं,
मग शेठ त्याचं तोंड पुन्हा शिवतो.
फटकीचा भाव निघतो निम्म्याहून कमी,
घेणारा येतो पायी, पिशवी घेऊन.
'आमना घरमा बी हाईच शे,' झिलाबाई म्हणते,
तक्रार नाही, माहिती.

रात्री घरी मी तो दिवा नेला, चोरून.
कळण्याची भाकर, ठेचा, भरीत.
ठेच्यावर धरला: काहीच नाही.
डोळ्यांना काही दिसलं नाही, इतकंच.
मग हळदीच्या डब्यावर धरला
आणि डबा भडकला,
पिवळाहिरवा, उघड, बेशरम.
मघाचं निळं आणि हे पिवळं
एकाच दिव्याला ओ देतात.
एक मारायला, एक वाचवायला?
दिवा तेवढं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेठला म्हटलं,
चार ताडपत्र्या द्या.
जमिनीवरून मिरची उचला,
दव पडायच्या आत झाका.
तो म्हणाला, त्यापेक्षा तुमचं ते पिवळं औषध
भुकटीत मिसळता येत नाही का?

ताडपत्र्या आल्या. दोन.
निळ्याच. तोच निळा.
झिलाबाई कडेला दगड ठेवते आहे,
वारा एक टोक उचलतो,
ती दुसऱ्या टोकावर पाय देते.
काचपट्टी वाळते आहे.
अजून दिवा लावलेला नाही मी.