लाकडं आणायला

पुस्तक एकशे बारा पानांचं. चित्रं फक्त चार,
तीही काळीपांढरी.
रायेननं ते आधी हातावर तोललं,
बंदरावर मासळी तोलतात तसं,
आणि माझ्याकडे सरकवलं : "तू वाच, बाबा."

मी चाकाओच्या खाडीतल्या फेरीबोटीवर
दोरखंड टाकणारा माणूस.
वाचतो, पण ओळीवर बोट ठेवून;
लांब शब्द आला की खोकतो.
हे तिला ठाऊक आहे की नाही
मी कधी विचारलं नाही.

मग आमचं ठरलं : एक पान माझं, एक तिचं.
पुढच्या आठवड्यात माझा एकच परिच्छेद,
बाकी पान तिचं.
चुलीवर बटाटे, इस्मेनिया रात्रपाळीला सामनच्या कारखान्यात,
आणि गोष्टीतली आंधळी घोडी वाळवंटात,
एका पोराच्या मागोमाग, पाण्याच्या वासावर.

विहीर सापडली त्या रात्री,
पोरानं दोर खाली सोडला
आणि मी उठलो.
"लाकडं आणतो."
"आत्ता?"
"चूल विझेल."

विझली नसती.
छपरीत उभा राहिलो, काखेत दोन ओंडके,
फळ्यांच्या फटीतून तिचा आवाज :
अडखळायचा, मागे जायचा,
पुन्हा त्याच शब्दावर चढायचा.
मधेच वैतागून तिनं कुत्र्याला सांगितलं,
"अरे, दोर पुरतच नाहीये!"

तेव्हापासून रोज लाकडं.
शेजारचा ओसिएल म्हणाला, एवढं जाळता तरी काय?
छपरीत मी एक ओंडका उभा करून ठेवला, बसायला.

मंगळवारी आवाज थांबला.
एक मिनिट. दोन.
वाटलं, संपलं. मिटलं पुस्तक.
उगाच घाई केली मी, आणखी चार दिवस
शेजारी बसायला हवं होतं.
फटीला डोळा लावला.

दिव्याखाली ती. ओठ मिटलेले.
फक्त डोळे जात होते
या काठावरून त्या काठावर, आणि परत,
भोंगा न वाजवता.

आत येऊन लाकडं ठेवली.
तिनं मान वर केली नाही.
"घोडी पाणी प्याली का गं?"
"सांगणार नाही," ती म्हणाली, "तू वाच."

आता ती झोपली की मी चुलीपाशी बसतो.
माझी खूण एकोणचाळिसाव्या पानावर,
बोटीचं फाटकं तिकीट.
तिची सत्त्याण्णवाव्या, लोकरीचा लाल धागा.
मधे अठ्ठावन्न पानं वाळू,
तिची पावलं त्यावरून गेलेली,
एकटीची.

ओळीवर बोट ठेवतो.
लांब शब्द येतो.
खोकत नाही, घरात कुणी जागं नाही.
घोडी अजून विहिरीपाशी उभी आहे,
आणि लाकडं
महिनाभर पुरतील एवढी.