उलटतपासणीची तालीम

म्हापशात, शुक्रवारच्या बाजारावरच्या माळ्यावर
इनासला मी तिसऱ्यांदा विचारतो:
हद्दीचा दगड हलवला तेव्हा वाजले किती होते?
म्हणतो, सूर काढायला चढलो होतो.
वाजले किती?
तिसऱ्या माडावर होतो.

साडेपाच म्हण.
'असतील' म्हणायचं नाही. 'देवाक खबर' तर नाहीच,
देवाला समन्स जात नाही.
विचारतील तेवढंच. मग गप्प.

वरून काय दिसलं?
कायतानचं टक्कल. पहार.
आणि मेरेवरून उठलेला एक बगळा.

बगळा राहू दे.

तो खाली बघतो. आज कमरेला काती नाही,
तरी हात तिथेच जातो.
जिन्यातून खाऱ्या बांगड्यांचा वास वर येतो,
कुणीतरी मिरच्यांच्या भावावरून भांडतंय,
साक्षीपुराव्याशिवाय.

आता शेवटचा. समोरचा वकील हमखास विचारणार:
हे सगळं तुला कोणी शिकवून आणलंय?

इनास माझ्याकडे बघत राहतो,
नवा माड चढण्याआधी बघतात तसा,
बुंध्यापासून शेंड्यापर्यंत.
"ह्याचं काय सांगू, बाब?"

मी उठून पंखा वाढवतो.
कागद उडतात, ते गोळा करतो.
बस, म्हणतो. पुन्हा पहिल्यापासून सांग.
बगळ्यासकट.