बोट दिसेना

बेळगुंदीच्या पुढं, शाळेच्या व्हरांड्यात
तिसऱ्या रविवारी बाक मांडतो आम्ही.
वजनकाटा पायरीपाशी, तेवढीच फरशी सपाट.
गोळ्यांचा खोका खिडकीत, कुत्र्यापासून लांब.
आत फळ्यावर शनिवारची बेरीज तशीच,
हातच्याचा एक पुसायचा राहिलेला.

"नोवु एल्लि?" मी विचारते माझ्या मोडक्या कन्नडात.
"हितं," कल्लव्वा सांगते मराठीत,
हात छातीवर, मग पाठीवर, मग गुडघ्यावर,
मग हसत हसत शाळेच्या भिंतीवर.

प्राणवायूचा चिमटा बोटाला लावते.
यंत्र विचार करतं. दोन रेघा.
दुसरं बोट. दोन रेघा.
तीस वर्षं काजू फोडून
टरफलाच्या तेलानं काळवंडलेली कातडी;
उजेड आरपार जातच नाही.

"रेशनच्या मशीनला बी दिसत न्हाई ओ.
नातू जातोय, आपला अंगठा लावतोय,
माझं तांदूळ आणतोय."
रांगेतून कुणीतरी: "म्हातारी हाय, पण न्हाई!"
सगळा व्हरांडा हसला. तीही.
मी हसले नाही, असं लिहायला आवडलं असतं.

चिमटा पिशवीत टाकला. मनगट धरलं.
काटा बारावर आला तशी मोजू लागले ओठांतल्या ओठांत.
तिला वाटलं, मोजायचंच तर दोघींनी मोजावं:
ओंदु, एरडु, मूरु...
तिची जीभ भरभर, गर मोजायला सरावलेली.
मिनिट भरलं. माझे ब्याऐंशी,
तिचे शंभराच्या वर.

"तुमचं कमी भरलं," ती म्हणाली.
"तुटकं सोडून मोजलं व्हय?"

स्टेथोस्कोप लावला.
खरंच होते तुटके.
तीन नीट, एक अर्धवट, मग रिकामी जागा,
आणि तिथं मला माझाच श्वास ऐकू आला.

"सिव्हिलला या. पट्टी काढू हृदयाची. उद्याच."
"उद्या सोमवार. खाडा पडतोय."
"मग मंगळवारी?"
तिनं माझ्याकडं असं बघितलं,
जसं मी बघते गोळ्या अर्ध्यात सोडणाऱ्यांकडं.
"कारखाना बंद कधी असतो?"
"बॉयलर बिघडला की."

रजिस्टरात तारखेचा रकाना अरुंद.
तरी दाटीवाटीनं बसवलं:
बॉयलर बिघडेल तेव्हा.

तेव्हापासून शहापुरात, दवाखान्यातल्या खुर्चीत,
लोकांच्या जिभा बघत, खोकले ऐकत,
मी एका बॉयलरच्या वाईटावर आहे.