गालातल्या गालात

सतरा शहरं, एक घडीचं टेबल.
त्याचा एक पाय आखूड,
दर गावात त्याखाली वेगळं काहीतरी:
डे मॉइनला बिअरचा चेपलेला डबा,
टोपेकाला आमचीच माहितीपत्रकं, चार घड्या घालून.

उन्हाळ्याची उमेदवारी. पगार नाही.
जेवणाचे दिवसाला अठरा डॉलर
आणि गळ्यात एक पास,
ज्यावर लिहिलंय ‘सर्वत्र प्रवेश’
आणि जो कुठल्याच दारावर चालत नाही.

बँड मी पाहिलेला नाही.
माझी जागा शौचालयं आणि प्रेट्झेलच्या गाडीच्या मधोमध.
भिंतीतून झिरपतो तो फक्त ठेका,
शब्द पलीकडेच राहतात.
दुसऱ्या आठवड्यातच तो माझ्या हाडीमांसी खिळला.
चौथं गाणं संपलं की लोक लघवीला बाहेर पडतात,
म्हणून चौथ्याच्या शेवटच्या ठोक्याला
मी केस मागे सारून ताठ उभी.

“एक मिनिट आहे का?
ही काडी गालात आतून फिरवायची,
दहा सेकंद इकडे, दहा तिकडे.
कुणाच्या तरी रक्ताच्या आजाराला
तुमच्या हाडातलं थोडंसं चालून जाईल.”

“दुखतं का?”
“काडीनं? छे.”
“तसं नाही. जुळलं तर. मग.”
“बर्फावर घसरून आपटल्यावर कंबर दुखते ना, तितकं.”

हे वाक्य मार्गीचं. मी नुसती पोपट.
मार्गी हाडाची कार्यकर्ती, आणि इथे हे अक्षरशः खरं:
तिनं एकदा दिलंय,
पोर्तुगालातल्या कुणाला तरी.
नाव कळवत नाहीत.
वर्षानं एक कार्ड आलं,
त्यावर खडूनं काढलेली होडी, मजकूर काहीच नाही.
ते ती व्हॅनच्या काचेला लावून फिरते,
उन्हानं होडी पिवळी पडत चाललीय.

लिंकनला अकरा जण.
सू फॉल्सला चार, त्यातला एक प्यायलेला,
त्यानं काडी चघळली.

विचिटात तिसऱ्या गाण्यावर भोंगा वाजला.
चक्रीवादळ. सगळ्यांना आत घ्या.
आठ हजार माणसं काँक्रीटच्या बोळात,
फोनला रेंज नाही, बिअरचे नळ बंद,
आणि ऐन मध्यावर मी, माझं टेबल.

आधी कुणी बघितलंही नाही.
मग एका बाईनं, केसांतून पाणी गळत असताना,
विचारलं, “हे काय विकतेस?”
आणि मागे रांग लागली.
काही करायला नव्हतं, एवढंच.
उगाच थोरपणा कुणाला चिकटवू नये.

दोनशेच्या पुढे कधीतरी
ओल्या बनियनमधला एक बारीक माणूस.
नाव: डॅरिल प्रुइट. जन्मतारीख लिहिली. व्यवसाय: कोरा.
काडी गालात, हात मोकळे,
बोटं टेबलावर नकळत वाजू लागली.
आखूड पाय थरथरला,
थरथर माझ्या मनगटात चढली
आणि मला कळलं.
चौथं गाणं.
महिनाभर भिंतीपलीकडे असलेलं,
आता माझ्या पेनांच्या डब्यावर.

काय बोलावं सुचेना.
“टेबल हलवू नका,” म्हणाले, “लेबलं पडतात.”
तोंडात काडी असल्यामुळे तो गालातल्या गालात हसला,
दुसरं काही करताच येत नव्हतं त्याला.

तीनशे चाळीस.
मार्गीनं मोजून पेटी बंद केली,
वर दोनदा चिकटपट्टी.

पहाटे साडेतीनला व्हॅनमध्ये,
ओक्लाहोमाकडे, रस्त्यावर मोडक्या फांद्या,
मला ते आठवलं जे मी सोळा शहरं
कुणी विचारू नये म्हणून पटपट बोलत होते:
माझी काडी अजून पाकिटातच होती.
मला सुईची भीती वाटते. लहानपणापासून.
रांगेतल्या बायकांना मी घसरल्याची गोष्ट सांगत होते
आणि मी कधी घसरलेही नाही,
डुलुथची असून.

पाकीट फाडलं. कापसाला चव नसते.
दहा सेकंद इकडे.

“जोस्लिन,” रस्क स्टिअरिंगवरून म्हणाला,
“पुढच्या वळणावर कॉफी घेऊ का?”

दहा सेकंद तिकडे.

“जोस्लिन? झोपलीस?”